अपर म्हणजे अप्पर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मराठी व्याकरण शिकवते. गेल्या आठवड्यात एका मुलीने वर्गात विचारलं, मॅडम, अप्पर जिल्हाधिकारी हा जिल्हाधिकाऱ्याच्या वरचा साहेब असतो ना? मी म्हटलं असं कुठे वाचलंस, तर तिने मोबाईलवर बातमी उघडून दाखवली आणि त्यात खरंच तसं छापलेलं, अप्पर. तिला तरी काय बोलणार, अप्पर वाचलं की आपल्याला रेल्वेचा वरचा बर्थच आठवतो. मूळ शब्द अपर आहे, एकच प, संस्कृतातला, अर्थ दुसरा किंवा आणखी एक, म्हणजे इंग्रजीतला ॲडिशनल. अवर सचिव मधला अवर म्हणजे खालचा, तो वेगळाच. अपर मुख्य सचिव आणि अवर सचिव, बघायला गेलं तर प आणि व एवढाच फरक, पण मंत्रालयात त्या दोन खुर्च्यांमध्ये किती पायऱ्या आहेत ते तुमच्या बातमीदारांना मी सांगायला नको.

म्हणून हे पत्र. जोडीला येणाऱ्या, मदतीच्या, मागाहून भर घालणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत इतके नेमके शब्द आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरतोय. बातम्यांत हल्ली एकतर सगळं "अतिरिक्त" असतं नाहीतर "दुय्यम", आणि रंगीत पानांवर गेलं की साइड रोल, साइड बिझनेस, ॲड ऑन. लोनवर्डला माझा विरोध नाही, मी पण दिवसभर वापरते, पण जोडधंदा म्हटलं की मुख्य धंद्याला हात देणारा धंदा असं लगेच कळतं आणि साइड बिझनेस म्हटलं की कडेला कुठेतरी चाललंय असं वाटतं, दोन्ही एक नाहीत हो.

पुरवणी घ्या. पुरणे, पुरवणे यातून आलेला शब्द. परीक्षेत मुलगा हात वर करून "सर, पुरवणी" म्हणतो तेव्हा त्याची मूळ पानं संपलेली असतात, लिहायचं अजून बाकी असतं, मग ती दोऱ्याने बांधून तोच पेपर पूर्ण होतो, तपासणारा काही पुरवणीला कमी मार्क देत नाही. अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात त्याही तशाच, मंजूर झालेला पैसा पुरला नाही किंवा बजेटमध्ये नसलेला नवा खर्च आला म्हणून, राज्यघटनेच्या कलम २०५ मध्ये त्याची तरतूद आहे. तिथे कोणी "अतिरिक्त मागण्या" लिहिलं की काहीतरी जास्तीचं, नसलं तरी चालेल असं मागितल्यासारखं वाटतं.

पूरक तर मला फार आवडतो. आपल्या गणिताच्या पुस्तकात ज्या दोन कोनांची बेरीज १८० अंश होते त्यांना पूरक कोन म्हणतात (९० वाले कोटिकोन). ७० चा कोन ११० ला पूरक आणि ११० चा ७० ला. त्यात मुख्य कोण आणि मदतनीस कोण हे सांगताच येत नाही. दुय्यमचं मात्र मला वाईट वाटतं. फारसीतून आलेला साधा शब्द, अर्थ नुसता दुसरा, अव्वलच्या पुढचा नंबर. दुय्यम निबंधक म्हणताना आजही कोणी त्याला हलकं लेखत नाही, पण "दुय्यम वागणूक", "दुय्यम दर्जा" असं लिहून लिहून आपण त्या शब्दालाच खालच्या पायरीवर बसवलं, आणि आता कलाकाराने सहायक भूमिका केली की हेडिंगमध्ये "दुय्यम भूमिकेत". अहो सहाय म्हणजे बरोबर जाणारा, सोबती. उप सुद्धा मुळात जवळ, उपनगर म्हणजे नगराच्या जवळचं. आपल्या या शब्दांत जवळ असणं, सोबत असणं आहे, ते असं पुसून टाकू नका.

व्याकरणात तर मी मुलांना रोज हेच दाखवते. सहायक क्रियापद म्हटलं की पोरांना वाटतं शेपटासारखं मागे लागलेलं काहीतरी. मग मी फळ्यावर फक्त "लिहून" लिहिते आणि पुढचा शब्द बदलत जाते. लिहून ठेव, म्हणजे नंतर लागेल. लिहून घे, कोणीतरी सांगतंय आणि तू उतरवतोयस. लिहून दे, दुसऱ्यासाठी, कदाचित सहीसकट. लिहून काढ, मोठं काम आहे, पूर्ण कर. लिहून टाक, एकदाचं संपव. लिहिण्याची क्रिया तीच राहिली पण माणसाच्या मनातलं सगळं त्या मदतीच्या शब्दाने सांगितलं, वर्ग एकदम गप्प होतो तेव्हा. आणि तरी आपल्या गाइडांमध्ये आपला, म्हणे, बापडा अशा शब्दांना पादपूरणार्थक, म्हणजे नुसती ओळ भरायला घातलेले, किंवा चक्क व्यर्थ म्हणून टाकलंय. "मी गप्प बसले" आणि "मी आपली गप्प बसले" ही दोन वाक्यं वाचा. दुसऱ्यात ती बाई का गप्प बसली हे सुद्धा कळतं, मग आपली व्यर्थ कशी? परीक्षेत विचारतात म्हणून शिकवावं लागतं, पण शिकवताना दरवेळी जीव खट्टू होतो.

तुमच्या पेपरात रोज किती उप, सह, अपर, अवर छापून येतात, आणि आमची मुलं तेच वाचून शिकतात, त्यांना वाटतं पेपरात आलंय म्हणजे बरोबरच असणार. डेस्कवर या चार शब्दांचा एक कागद चिकटवून ठेवला तरी खूप काम होईल, आणि पुढच्या वेळी कोणाच्या कामाला दुय्यम लिहायच्या आधी पूरक, सहायक, जोड यातलं काही बसतंय का तेवढं बघा ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक

ता. क. "सहाय्य" आणि "सहाय्यक" पण सगळीकडे दिसतं. साहाय्य बरोबर, आणि माणसासाठी सहायक किंवा साहाय्यक, दोन्ही चालतात.