झाकण उघडा, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: चौदा महिन्यांनी मागे घेतलेली निविदा, अडकलेली बिलं आणि 'स्वदेशी' नावाचं स्टिकर

सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहीत आहे. याआधीच्या इंग्रजी पत्रांची पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणजे अडचण भाषेची नसावी.

गेल्या पंधरवड्यात एका खरेदी कार्यालयाने छोट्या टेहळणी ड्रोनची निविदा मागे घेतली. कारण दोन शब्दांत: 'प्रशासकीय कारणास्तव'. तांत्रिक छाननी झाली होती, मैदानी चाचण्या झाल्या होत्या, फक्त दर उघडायचे राहिले होते. चाचण्या नेहमीप्रमाणे 'नो कॉस्ट, नो कमिटमेंट' या तत्त्वावर. हे तत्त्व आपल्याला ठाऊक असेलच, तरी वाचकांसाठी सांगतो: ड्रोन आमचा, गाडीभाडं आमचं, उडवणारी पोरं आमची, पडला तर भंगारही आमचं, आणि पास झाला तरी तो घेण्याचं बंधन कुणावरही नाही. मुलगी बघायला चौदा महिने यायचं, दर वेळी पोहे खायचे आणि शेवटी 'घरगुती कारणास्तव' म्हणून निरोप धाडायचा, असा हा प्रकार.

त्या चाचण्यांत काय मागितलं होतं तेही ऐका. एकच ड्रोन वाळवंटात 50 अंशांत आणि 5000 मीटर उंचीवर उणे 20 अंशांत उडायला हवा. कागदावर ही एक ओळ आहे. प्रत्यक्षात 5000 मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के उरते. तेवढंच वजन उचलायला तोच पंखा सुमारे 29 टक्के जास्त वेगाने फिरवावा लागतो आणि ताकदही साधारण तेवढीच जास्त लागते. त्यात उणे तापमानात लिथियमच्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. उड्डाण घेताना व्होल्टेज असं आपटतं की फ्लाइट कंट्रोलरला, म्हणजे ड्रोनच्या मेंदूला, बॅटरी संपली असं वाटतं आणि तो ड्रोन खाली उतरवू लागतो. म्हणून बॅटरी आधी 20-25 अंशांपर्यंत गरम करून लावायची, पंखा मोठ्या व्यासाचा घ्यायचा, मोटरचा केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे) कमी ठेवायचा. आता हाच जोड वाळवंटात न्या. बाहेर 50 अंश असताना मोटरच्या वेटोळ्यात 120 अंशांच्या वर तापमान जातं. रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, वाटीत आतून चिकटवलेल्या चुंबकपट्ट्यांचा गोंद मऊ पडतो. एखादी पट्टी अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी ती आतल्या स्थिर भागाला, स्टेटरला, घासते आणि मोटर हवेतच जॅम होते. हे टाळायचं तर 150 अंश सोसणारं एसएच दर्जाचं चुंबक, एच वर्गाचं इनॅमल असलेली तांब्याची तार आणि 0.2 मिलिमीटरची सिलिकॉन स्टीलची पत्री लागते. यातली प्रत्येक गोष्ट महाग. निविदा कुणाला मिळणार? एल-वनला. सर्वांत स्वस्तवाल्याला.

आणि सर्वांत स्वस्त कोण पडतो, यासाठीच तर हे पत्र.

फेब्रुवारी 2022 मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. टाळ्या आम्हीही वाजवल्या. सुट्या भागांची आयात मात्र मोकळी राहिली. म्हणजे ड्रोन यायचे थांबले आणि ड्रोनचे तुकडे यायला लागले. चिनी फ्लाइट कंट्रोलर 'इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल' म्हणून येतो. इथे चिपवरची अक्षरं बारीक पॉलिश पेपरने घासायची, बोर्डावर आपला लोगो छापायचा, वरून कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल-धुळीपासून वाचवणाऱ्या लेपाचा) जाड थर मारायचा, फर्मवेअरच्या (चिपमधल्या सॉफ्टवेअरच्या) सुरुवातीच्या पडद्यावर एखादं संस्कृत नाव टाकायचं. झाला स्वदेशी. संस्कृत नाव महत्त्वाचं, त्याशिवाय देशभक्तीला धार येत नाही.

यात नियम मोडला जातो असंही नाही, हीच खरी गंमत. 2020 च्या संरक्षण खरेदी पद्धतीत 'बाय इंडियन-आयडीडीएम' (डिझाइन, विकास, उत्पादन सगळं भारतातलं) या सर्वांत वरच्या वर्गाला किमान 50 टक्के स्वदेशी अंश लागतो आणि तो मोजतात पैशांत. कराराच्या मूळ किमतीतून आयात मालाची किंमत, परदेशी सेवा, रॉयल्टी वजा करा. उरेल ते सगळं स्वदेशी. समजा ड्रोन दहा लाखांचा. मोटर, तिचा वेग सांभाळणारं ईएससी सर्किट, रेडिओ, कॅमेरा, कंट्रोलर असा ड्रोनचा सगळा जीव चीनमधून आला, चार लाखांत. राहिले सहा लाख: कार्बन फायबरचा सांगाडा, फोमची पेटी, प्रशिक्षण, माहितीपुस्तिका, पगार आणि कंपनीचा नफा. 60 टक्के स्वदेशी! नफा जितका जास्त लावाल तितका ड्रोन जास्त भारतीय. असं गणित शाळेत कुणी केलं असतं तर मास्तरांनी पट्टी काढली असती.

अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. 2020 सालच्या त्यांच्या संरक्षण कायद्यातलं 848 वं कलम टक्केवारीच्या भानगडीत पडत नाही, ते भागांची नावं घेतं: फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, डेटा पाठवणारी उपकरणं, कॅमेरा, तो स्थिर धरणारं गिंबल, जमिनीवरची नियंत्रण यंत्रणा, सॉफ्टवेअर. यातलं काहीही चिनी चालणार नाही. स्क्रू चिनी असला तर असू दे. हे शहाणपण आयात करायला परवाना लागत नव्हता.

आपल्याकडे काय झालं? फेब्रुवारी 2025 मध्ये 400 मालवाहू ड्रोनचे करार चिनी भागांच्या कारणावरून रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. रक्कम 230 कोटींच्या घरात. हे ड्रोन जायचे होते कुठे, तर चीनच्याच सीमेवर. करार 2023 चे. म्हणजे निविदा, छाननी, चाचणी, वाटाघाटी या सगळ्या टेबलांवरून ते पुढे सरकले आणि वाटेत एकाही टेबलावर कुणाला झाकण उघडावंसं वाटलं नाही. असे आणखी किती असतील याचा आकडा कुणाकडेच नाही, म्हणून ठोकून सांगतो: बरेच असतील.

झाकण उघडल्यावर काय बघायचं, तेही फुकट सांगतो. पहिलं, मुख्य प्रोसेसरचा ओळख क्रमांक वाचा. दहा ड्रोनमधून वाचा आणि फर्मवेअरची प्रत काढून कंपनीने जमा केलेल्या सोर्स कोडमधून तुमच्यासमोर बनवलेल्या प्रतीशी ताडून पाहा. दुसरं, चिपवरचा लॉट कोड (ती कुठल्या खेपेतली ते सांगणारा क्रमांक) आणि अधिकृत वितरकाचं बिल जुळतंय का पाहा. कोटिंग खरवडल्यावर कोडच नसेल तर बिल कितीही जाड असो, उपयोग नाही. तिसरं सर्वांत सोपं. बोर्डावरच्या कुठल्याही एका रेझिस्टरवर बोट ठेवा आणि समोरच्या इंजिनिअरला विचारा, हा 10 किलोओहमचाच का? ज्याने बोर्ड स्वतः बनवलाय तो तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही. ज्याने नाही बनवला तो म्हणेल, 'डिझाइन टीमला विचारून सांगतो.' मोटरसाठी तर एक स्टेटर समोर बसून गुंडाळायला सांगा. 12 दातांचा स्टेटर, 14 ध्रुवांचा रोटर. ज्याच्या हाताला सवय आहे तो तार कुठून सुरू करायची यासाठी कागद बघत नाही.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात अशी सवय असलेले हात आहेत. ते आता हळूहळू इलेक्ट्रिक स्कूटरच्या कामाकडे वळताहेत, कारण तिथे बिल नक्की मिळतं. मोठ्या कंपनीच्या बिलाला नव्वद दिवस लागले तरी ते येतं. संरक्षणाच्या साखळीत मात्र बिलाची वाट चातकाने पाहावी तशी पाहायची. 2006 च्या एमएसएमई कायद्याचं 15 वं कलम म्हणतं, करारात काहीही लिहा, पैसे 45 दिवसांच्या आत. 16 वं कलम म्हणतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. कायदा वाचून डोळे भरून येतात. आता व्यवहार बघा. 45 दिवस मोजायचे माल 'स्वीकारल्या'च्या तारखेपासून. तेव्हा माल गोदामात घ्यायचा आणि तपासणीची नोंदच करायची नाही. कायद्याने यावरही उपाय ठेवलाय: 15 दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारला असं धरायचं. पण सोळाव्या दिवशी पुरवठादाराने हे पत्राने कळवलं, की सतराव्या दिवशी एक हरकत येते, मागची तारीख घालून. रंगाची छटा. डब्यावरचं लेबल. एकदा तर स्क्रूच्या डोक्याचा आकार, जो त्यांच्याच ड्रॉइंगमध्ये होता.

सरकार आणि आमच्या मधल्या मोठ्या कंपन्यांची तऱ्हा आणखी निराळी. 'आम्हाला सरकारकडून मिळाले की तुम्हाला देऊ' हे वाक्य त्या करारातच छापतात. कायद्याने हे चालत नाही, आणि खटला करायला आम्ही मोकळे आहोत. खटला केला की पुढची ऑर्डर जाते, एवढंच. थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी समाधान पोर्टल 2017 मध्ये आलं. नाव फार सुंदर ठेवलंय. आयकराचं 43बी(एच) कलम आलं, 1 एप्रिल 2024 पासून: छोट्यांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट नाही. खासगी कंपन्या जरा हलल्या. सरकारी खातं आयकर भरत नाही, ते कशाला हलेल? एक कोटीचं बिल अकरा महिने थांबलं तर 12 टक्क्यांनी अकरा लाख रुपये व्याज छोट्या माणसाच्या घरातून बँकेत जातं. आम्हाला उशीर झाला की आठवड्याला अर्धा टक्का दंड, कमाल 10 टक्के. नव्या खरेदी नियमावलीत स्वदेशीकरणाच्या कामांसाठी हा दंड बराच कमी केलात, त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या उशिराचा दर मात्र तोच आहे: शून्य.

त्यात जीएसटीचं कलम वेगळंच. सप्टेंबर 2025 मध्ये ड्रोनवरचा कर 5 टक्के झाला, फार छान. बॅटरी, मोटर, सर्किट बोर्ड 18 टक्क्यांवरच. भरलेला जास्तीचा कर परताव्यात मागायचा. तोही कच्च्या मालाचाच, चाचणी प्रयोगशाळेच्या बिलावरचा किंवा मशिनवरचा नाही. हे खातं आपलं नाही, माहीत आहे. पण आपण शेजारीच बसता.

आता चुंबकाचं. 4 एप्रिल 2025 ला चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर निर्यात नियंत्रण आणलं. त्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत. वर जे 150 अंश सोसणारं चुंबक म्हटलं, त्याचा उष्णता सोसण्याचा गुण येतो तो याच चिमूटभर मिसळीतून. परवान्यासाठी 'अंतिम वापर कोण करणार' हे लिहून द्यावं लागतं. सैन्य, असं लिहा आणि वाट बघत बसा. देशात केरळ-ओडिशाच्या किनाऱ्याची वाळू आहे, ती गाळणारी आयआरईएल ही सरकारी कंपनी आहे. पण 2012 च्या करारानुसार आपला माल जपानला जात राहिला, आणि चुंबकं आपण घेत राहिलो चीनकडून. जून 2025 मध्ये ती निर्यात थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. नोव्हेंबरमध्ये वर्षाला 6000 टन चुंबकांसाठी 7280 कोटींची योजना मंजूर झाली. वरातीमागून का होईना, घोडं निघालं. पण चीनने 2010 मध्ये जपानचा पुरवठा रोखला होता, तेव्हाच ही वरात दिसायला हवी होती. पंधरा वर्षं आपण मांडव सजवत बसलो.

आणि तरी, घाई असली की सगळं जमतं! ऑपरेशन सिंदूरनंतर जून 2025 मध्ये तातडीच्या खरेदीत 13 करार, 1981 कोटी 90 लाखांचे, ड्रोनसकट. म्हणजे सही करणारे हात आहेत, शाई आहे, पेनही आहे. शांततेच्या काळात मात्र प्रत्येकाला ऑडिटची भीती. निर्णय घेतला तर चौकशी, न घेतला तर बढती. फाईल समजायला दीड वर्ष लागतं आणि समजली की साहेबांची बदली होते. नवे साहेब म्हणतात, 'पहिल्यापासून सांगा.' तिकडे युक्रेनमध्ये रेडिओ जॅम व्हायला लागले, तर 2024 पासून ड्रोनच्या शेपटाला किलोमीटरच्या किलोमीटर फायबर ऑप्टिकची तार बांधून उडवायला लागले. तिथल्या तुकड्या हवा तो ड्रोन ब्रेव्ह-वन या तिथल्या सरकारी ऑनलाइन बाजारातून स्वतः निवडतात, नापास झालेलं यंत्र पुढच्या वेळी कुणी घेत नाही. आपल्याकडे आवश्यकतापत्र (ड्रोन कसा हवा याची यादी) एकदा गोठलं की युद्धाची पद्धत बदलेल, ओळ बदलणार नाही. वर प्रदर्शनात मोठा पुठ्ठ्याचा चेक, फोटो, 'नवोन्मेष' आणि हॅकेथॉन. नवोन्मेषाला पोट असतं हे फक्त पुरवठादाराच्या बायकोला माहीत.

मागणं तसं थोडं आहे. चाचणीत पास झालेल्याला चाचणीचा खर्च द्या, निविदा मागे घेतलीत तरी. टक्केवारीऐवजी भागांची यादी लावा आणि झाकण उघडून बघा, एका नगाचं नाही, पुरवठा झालेल्या खेपेतून तुम्ही निवडलेल्या नगांचं. तपासणीची नोंद 15 दिवसांत झाली नाही तर संगणकाने ती आपोआप करावी, माणसाच्या हातात ठेवू नका. आणि मागे घेतलेल्या त्या निविदेची 'प्रशासकीय कारणं' कोणती, ते एका परिच्छेदात कळवा. दोन शब्दांचे चार शब्द झाले तरी चालेल.

आपला,
भोसरी औद्योगिक वसाहतीतला एक सुटे भाग पुरवठादार

ता. क. बहुतेक ड्रोनचं झाकण चार एम-3 स्क्रूंवर बसलेलं असतं. सॉकेट डोक्याला 2.5 मिलिमीटरची ॲलन की लागते, घुमटाकार डोक्याला 2 मिलिमीटरची. कार्यालयात नसल्या तर दोन्ही आमच्याकडून न्या. बिल लावणार नाही. लावलं असतं तरी ते कुठल्या आर्थिक वर्षात धरायचं, हे आमच्या सीएला सांगता आलं नसतं.