सतरा इंची चाकं

लोकमान्य नगर, इंदूर
15 जून

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

स्विफ्ट व्हीएक्सआयला सतरा इंची अलॉय चाकं चढवायचं तुझं ठरत आलंय आणि दुकानदार म्हणतो 205/45 आर17 आरामात बसेल. बसेलही. पण मांडवीच्या गल्ल्यांतून त्यावर पावसाळा काढायचा आहे ना?

आधी हिशेब. तुझं कंपनीचं टायर 165/80 आर14. रुंदी 165 मिमी, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 80 टक्के, म्हणजे 132. अशा दोन भिंती 264, त्यात 14 इंचांचे 355.6 मिळवले की व्यास साधारण 620. स्पीडोमीटर, गिअरचं गणित, चाकावरच्या कमानीतली जागा, सगळं या आकड्यावर बेतलेलं असतं, म्हणून रिम मोठा केला तरी व्यास तोच राखायचा. (त्यामुळे गाडी उंच होईल ही आशा सोड, ब्रेकर पूर्वीइतकाच घासेल.) 205/45 आर17 चा व्यास 616, दुकानदाराचं इथं बरोबर आहे. ‘45 संपलंय, 50 घ्या’ म्हणाला तर मात्र उठून ये: व्यास 637 होतो, स्पीडोमीटरच्या काट्यात जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक पडतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतं.

व्यास तोच, रिम तीन इंच मोठा, मग जागा आली कुठून? रबरातून. भिंत 132 वरून 92 वर आली. दोन बोटं आडवी धरून बघ, तेवढा गादीचा थर गेला. खड्ड्याची कड आदळली की भिंत रिम आणि कड यांच्यात चिमटते, आतले दोरे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरला टेंगूळ दिसतं. ते पंक्चरवाल्याच्या हातातलं काम नाही, टायर टाकूनच द्यावं लागतं. त्याहून लबाड प्रकार म्हणजे रिमची आतली कड वाकणं. बाहेरून चाक चकचकीत, पण दर आठवड्याला हवा पाच पीएसआय कमी. तू व्हॉल्व्ह बदलत बसशील. उरलेला धक्का सस्पेन्शनचे लिंक रॉड, बुश आणि चाकाचं बेअरिंग खातात.

फायदे नाहीत असं नाही. भिंत आखूड म्हणून वळणावर टायर कमी लचकतं, स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते, कोरड्या रस्त्यावर पकड वाढते. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर हे तुला जाणवेल. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायर लवकर तरंगायला लागतं. शिवाय वजन: स्वस्त ओतीव सतरा इंची अलॉय बहुतेक वेळा जड असतो, आणि परिघाकडचं वजन फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. पिकअप, ॲव्हरेज, ब्रेक, तिन्हीकडून थोडं थोडं जातं. रिम आणि टायर काट्यावर ठेवून वजन कर, मगच बोल.

माझं मत विचारशील तर पंधरा घे, 185/65 आर15. वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीच हे देते, व्यास 621, भिंत 120. दिसतंही बरं. फारच हौस असेल तर 195/55 आर16, भिंत 107, त्यापुढे नको. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतं त्याचा आकडा) मूळच्या 85 पेक्षा, म्हणजे चाकामागे 515 किलोपेक्षा, कमी नको. भिंतीवरचे बनावटीच्या तारखेचे चार आकडेही वाच: 0825 म्हणजे 2025 चा आठवा आठवडा.

रिम घेताना पीसीडी 4×100 हवा, म्हणजे नटांची चार भोकं 100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर. आठ भोकांचे रिम मिळतात, त्यातली कुठली चार वापरतोय ते पाहा. मधलं भोक स्विफ्टच्या हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) 54.1 मिमी लागतं, बाजारी रिमला ते बऱ्याचदा 73.1 असतं. मधली फट भरायला रिंग मागून घे. ती नसली तर चाक केंद्रात बसेलच असं नाही, आणि 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. गंमत अशी की बॅलन्सिंगच्या मशीनवर सगळं शून्य दाखवतं, कारण तिथं चाक शंकूवर नीट मध्ये बसलेलं असतं.

ईटीचा, म्हणजे ऑफसेटचा, आकडाही विचार: रिमची हबला टेकणारी बाजू मधल्या रेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते. तो कमी झाला की चाक बाहेर येतं. समजा रिम दीड इंच रुंद झाला आणि ईटी 45 वरून 35 वर आला, तर बाहेरची कड 29 मिमी बाहेर येते. मागे तिघं बसले की टायर कमानीला लागतं. त्यामुळे पैसे देण्याआधी एक पुढचं आणि एक मागचं चाक लावून, मागे माणसं बसवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ.

नट आधी हाताने, मग समोरासमोर क्रमाने आवळायचे, शेवट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराला आवळणारा पाना) गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. हवेच्या गनने शेवट करू देऊ नकोस, नट ज्यावर बसतात ते स्टड ताणले जातात. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपास. अलाइनमेंट त्याच दिवशी. विम्याच्या पॉलिसीत अलॉय वेगळे लिहवून घे.

स्टेपनी जुनी 14 इंचीच राहू दे, व्यास जुळतो, दुकानापर्यंत नेईल. पण नव्या अलॉयचे नट पत्र्याच्या रिमवर बसतीलच असं नाही, म्हणून जुने चार नट पिशवीत घालून डिकीत टाक. नव्या नटांना चावी लागत असेल तर तीही तिथंच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास