सूचना : रविवारी छोट्या ट्रेलरची जुळणी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता संभाजीनगरात नेहमीच्या जागी बसायचं आहे. जालना-बीडकडच्या मंडळींनी सकाळची एसटी धरावी.

या वेळी १:१२ मापाच्या (खऱ्याच्या बाराव्या हिश्शाच्या) प्रतिकृती : मोटारीमागे ओढायचे, आत राहता येणारे जुने अमेरिकन ट्रेलर. किट उघडल्याबरोबर फेविकॉल काढू नका. आधी सगळे भाग कोरडेच बसवून बघा. खाचेत अडलं तर पॉलिश पेपर मारा, ठोकाठोकी नको. छप्पर शेवटी चिकटवा, नाहीतर आतला ओटा नि बाक रंगवायला हातच जात नाही. (दरवेळी सांगतो, दरवेळी कुणीतरी विसरतंच.)

१९३६ च्या एअरस्ट्रीम क्लिपर या ट्रेलरसारखं चकचकीत अंग हवं असेल, तर एसीवाल्यांकडची अॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणा. मागचा कागद सोलण्याआधी संपलेल्या बॉलपेननं त्याच बाजूनं ठिपके दाबत जा. पुढून रिव्हेटची रांग उठून दिसते. पडद्यांना हिमरू कापडाचे उरलेसुरले तुकडे झकास, पण नक्षी बारीक बघा. या मापात एक इंचाचं फूल म्हणजे फूटभराचं!

स्प्रे मारायचा असेल तो घरूनच मारून या. कटर आपापला. येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, भज्यांचा अंदाज घ्यायचा आहे.