भाऊ, त्या दिवशी तुम्ही पेन खिशात ठेवलं

भाऊ, नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमचा पेपर वेगळा, माझा वेगळा. उगाच तुमच्या ऑफिसात कुणी तुम्हाला जाब विचारायला नको. पण शीर्षकावरूनच तुम्ही ओळखलं असेल.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आलंय आणि यंदा मोर्चांच्या बातम्या माझ्याकडे दिल्यात. यादीत माझं नाव वाचलं गेलं, तेव्हा सगळ्यात आधी तुम्ही आठवलात.

माझ्या पहिल्या ऑफिसात मला प्रेस नोटा टाइप करायला बसवलं होतं. फिल्डवर जाते म्हटलं की "तू राहू दे, तिकडे गर्दी असते." कधी गेलेच तर बातमी दुसऱ्याच्या नावाने लागायची. कुणी ओरडलं नाही, वाकडं बोललं नाही, पण मी तिथे आहे याची कुणी दखलही घेतली नाही. अशा वागण्याने माणूस आतून खचत जातो, हे त्या लोकांना आजही कळलं नसेल. नोकरी बदलली तरी घसा कोरडा पडायचा थांबला नाही. टिळक पत्रकार भवनात मागच्या रांगेत बसून सगळं उतरवून घ्यायचे आणि मनातला प्रश्न तसाच घरी न्यायचे.

मग तो अंगणवाडी सेविकांचा मोर्चा. यशवंत स्टेडियमवरून निघालेला, पुढे पोलिसांनी अडवलेला. मी दुपारभर रस्त्यावर त्या बायांजवळ बसले होते. उमरेडकडच्या एका ताईंनी फडक्यातली भाकर उघडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि थकलेल्या मानधनाचं सांगत राहिल्या. गाडीभाडंसुद्धा उसनं घेऊन आल्या होत्या. शिष्टमंडळ मंत्र्यांना भेटून बाहेर आलं तसा कॅमेऱ्यांचा गराडा पडला आणि मी नेहमीसारखी मागे सरकले.

तेव्हा तुमचा आवाज आला, "थांबा बाप्पा, आधी या पोरीचं ऐका. केव्हाची बसली होती थे बायांजवळ."

आणि तुम्ही पेनाला टोपण लावलं, पेन शर्टाच्या खिशात ठेवलं, वही मिटली. एवढ्या वर्षांचा बातमीदार, ऐन डेडलाइनच्या वेळी, प्रतिस्पर्धी पेपरच्या नवख्या पोरीसाठी हात रिकामे करून उभा राहिला. तुमच्याकडे पाहून बाकीचेही थांबले. मी विचारलं, "थकलेलं मानधन देण्याची तारीख मंत्र्यांनी सांगितली का?" शिष्टमंडळातल्या ताई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तारीख नाही दिली." दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीचा मथळा तोच होता. मी पूर्ण लिहून घेईपर्यंत तुम्ही पेन बाहेर काढलं नव्हतं, भाऊ. ते मी पाहिलं होतं.

नंतर सीताबर्डीच्या उड्डाणपुलाखाली चहा घेताना तुम्ही गोवारी समाजाच्या मोर्चाबद्दल सांगितलं. २३ नोव्हेंबर १९९४, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. त्या पुलाला त्यांचं नाव आहे, पण मी रोज तिथून जात असूनही कधी थांबून विचार केला नव्हता. तुम्ही म्हणालात, "आकडा डेस्कलाही भेटते. नाव पाहिजे तर माणसाजवळ जाऊन बसा लागते. तू बसली होती ना? मंग भेते कायले?"

मला तोवर वाटायचं, धीट असणं म्हणजे मोठ्याने बोलणं, पुढे घुसणं. तुम्ही तर कधी कुणाला कोपर लावून पुढे गेला नाहीत. तरी मोर्चातली माणसं तुम्हालाच शोधत येतात, कारण तुम्ही त्यांचं ऐकून घेता. सभ्यपणा हा आपल्या कामात अडसर आहे असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यांच्या बातम्या वाचल्या की त्यात माणसंच दिसत नाहीत.

मी आता पहिल्या रांगेत बसते. अजूनही आधी छातीत धडधडतं, पण विचारते. मागच्या महिन्यात मनपाच्या एका अधिकाऱ्यांनी उत्तर टाळलं, तर तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि उत्तर मिळेस्तोवर जागची हलले नाही.

तुम्हाला समोर हे सांगायला गेले असते तर तुम्ही "चाल, चहा घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहिलं. मनापासून आभार, भाऊ. अधिवेशनात भेटूच. त्या दिवशीच्या चहाचे पैसे तुम्ही देऊ दिले नव्हते, यंदा मी देणार आहे.

तुमची,
दुसऱ्या पेपरची पोरगी