गॅसलाइन फोडली त्यानेच भरावं

संपादक महोदय,
घोडबंदर रोडला मेट्रो, केबल, काही ना काही खोदकाम चालूच असतं आणि जेसीबीचा दात लागला की गॅसचा पाइप फुटतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तर गॅस कंपनीचे लोक पाइप धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या क्लॅम्पवर नुसता रंग मारून गेले, याला तपासणी म्हणायचं का? २०१४ ला आंध्रात नगरमला ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीची पाइपलाइन फुटून झोपेतली माणसं होरपळली, ते आठवलं की धडकी भरते. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने तपासणीचे रिपोर्ट लोकांसमोर ठेवायला लावावेत. जुन्या लाइन बदलायला बिलात थोडे पैसे वाढले तरी देऊ, पण त्याचा हिशोब वेगळा दाखवा आणि न विचारता खोदणाऱ्या ठेकेदाराचा भुर्दंड आमच्या माथी नको, त्याच्याकडूनच वसूल करा.
– एक ग्राहक, ठाणे (प.)