संघ उभा केला की संघ बदलला?

महोदय,

अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉल प्रशिक्षक रिक पिटिनो यांच्यावरचा कालच्या क्रीडा पानावरचा लेख वाचला. सत्तरी ओलांडलेल्या या प्रशिक्षकाने न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाचा बुडता संघ कसा तारला, याचे आपल्या प्रतिनिधीने भरभरून वर्णन केले आहे. आकड्यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. २०२४-२५च्या मोसमात ३१ विजय आणि फक्त ५ पराभव, २००० नंतर पहिल्यांदाच बिग ईस्ट या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेचे विजेतेपद, हे सगळे खरे आहे. पण त्यांनी संघ 'पुन्हा उभा केला' हे वाचल्यावर गप्प बसवेना.

कोणता संघ उभा केला? २०२३च्या मार्चमध्ये पिटिनो न्यूयॉर्कला आले तेव्हा जी मुले तिथे खेळत होती, त्यांतली बहुतेक पुढच्या मोसमात दिसलीच नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या विद्यापीठांतून तयार खेळाडू आले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झाले. कॅडरी रिचमंड सीटन हॉलमधून आला, डेव्हॉन स्मिथ यूटामधून. २०२१ पासून तिथे कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे घेता येतात, विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावे लागत नाही, आणि सेंट जॉन्सच्या मागे माइक रेपोलेसारखा उद्योगपती माजी विद्यार्थी उभा आहे. लेखात यातली एकही ओळ नाही. सगळे श्रेय अनुभवाला देऊन टाकले आहे.

पिटिनो यांना खेळ कळत नाही असे मी कधीच म्हणणार नाही. उलट त्यांचे खरे मोठेपण आपल्या प्रतिनिधीने सोडून दिले, याचा मला राग आहे. १९८५ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते प्रॉव्हिडन्स कॉलेजला गेले. आदल्या मोसमात त्या संघाने ११ सामने जिंकले होते आणि २० हरले होते. बिली डोनोव्हन नावाचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा खेळाडू, तिथे बाकावर बसून होता, अंगाने जड झालेला, कॉलेज सोडायच्या विचारात असलेला. पिटिनोंनी त्याला वजन उतरवायला लावले, पळवले, आणि कॉलेज बास्केटबॉलमध्ये नव्यानेच आलेल्या तीन गुणांच्या रेषेवरून त्याच्याकडून बास्केट करून घेतल्या. १९८७ मध्ये तोच संघ फायनल फोरमध्ये, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, पोचला. डोनोव्हन पुढे स्वतः प्रशिक्षक झाला आणि फ्लोरिडा विद्यापीठाला २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. संघ उभा करणे म्हणतात ते याला. आहेत त्या पोरांना घेऊन केले होते त्यांनी.

मी हे इतके मनाला लावून का घेतो, तेही सांगतो. ऐंशीच्या दशकात मी मुंबईतल्या एका कॉलेजकडून खेळत होतो. संघ हरतच असे. मग व्यवस्थापनाने एक नावाजलेले, वयाने ज्येष्ठ प्रशिक्षक आणले. आम्हाला केवढा आनंद झाला होता! आमचा पॉइंट गार्ड नागपाड्याचा. बचू खान मैदानात लहानपणापासून पडलेला मुलगा. बुटांचे तळ झिजले की स्लिपरच्या रबराचे तुकडे कापून, सोल्युशन लावून आतून चिकटवायचा आणि पहाटे सिमेंटच्या कोर्टवर एकट्या डाव्या हाताने ड्रिबल करत फेऱ्या मारायचा. नवे सर येणार म्हणून त्याने आठवडाभर आधीपासून दुप्पट सराव सुरू केला होता.

सरांनी आमचा खेळ जेमतेम दोन संध्याकाळी पाहिला. मग जिमखान्याच्या फळ्यावर यादी लागली. तिच्यात आमच्यातले दोघे, बाकी सगळे बाहेरून क्रीडा कोट्यात घेतलेले उंच खेळाडू. आमच्या पॉइंट गार्डचे नाव राखीवमध्येही नव्हते. तो विचारायला गेला तर त्याला सांगितले, उंची कमी आहे, वेळ घालवू नकोस. त्या वर्षी कॉलेजने करंडक जिंकला. प्राचार्यांनी हार घालून सरांचा सत्कार केला. दोन वर्षांनी सर दुसरीकडे गेले, आणलेली मुले पदवी घेऊन किंवा न घेता पांगली, आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायला कॉलेजकडे पाच खेळाडू उरले नाहीत. जी मुले खालच्या वर्गांतून तयार व्हायची, ती केव्हाच बॉल सोडून गेली होती. माझा तो मित्र पुन्हा कधी कोर्टवर उतरला नाही. इतका चपळ हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही.

म्हणून पिटिनोंच्या विजयांपेक्षा मला त्यांच्या मुलांशी वागण्याची जास्त काळजी वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीटन हॉलविरुद्ध १९ गुणांची आघाडी घालवून हरल्यावर त्यांनी पत्रकारांसमोर स्वतःच्या खेळाडूंची नावे घेऊन कोण मंद, कोण कमजोर हे सांगितले. पुढे दिलगिरी व्यक्त केली आणि संघ त्यानंतर लागोपाठ जिंकलाही, पण विशीतल्या मुलांबद्दल जगासमोर असे बोलायचे नसते. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत आर्कान्सास विद्यापीठाशी सामना झाला, तोही प्रॉव्हिडन्स शहरातच. आर. जे. लुईस हा बिग ईस्टचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. त्याचा नेम त्या दिवशी लागत नव्हता, १७ पैकी ३ बास्केट. शेवटची जवळजवळ पाच मिनिटे पिटिनोंनी त्याला बाकावरच बसवले. संघ ७५-६६ असा हरला. लुईसने नंतर सेंट जॉन्स सोडले. झुबी एजिओफोरला मात्र त्यांनी खरोखर घडवले. कॅन्सासमध्ये फारसा कोर्टवर न दिसणारा हा मुलगा इथे संघाचा कणा झाला. आपल्या लेखात त्याच्यावर चार ओळी असत्या तर मी हे पत्र लिहिले नसते.

आणि सेंट जॉन्सचे जुने प्रशिक्षक लू कार्नेसेका यांचे लेखात नावही नसावे? २४ मोसम, ५२६ विजय, १९८५चा फायनल फोर, तोही ख्रिस मलिन आणि मार्क जॅक्सनसारख्या न्यूयॉर्कच्याच पोरांना घेऊन. नोव्हेंबर २०२४ मध्ये, शंभरी अवघ्या काही आठवड्यांवर असताना, ते गेले. सेंट जॉन्सच्या पुनरुज्जीवनावरचा लेख त्यांच्याशिवाय कसा पुरा होतो?

जाता जाता आणखी एक. अमेरिकेतल्या कॉलेज संघावर आपण अर्धे पान देता याचा मला आनंदच आहे. पण मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचे निकाल आपल्या पानावर पूर्वी बारीक अक्षरात का होईना, गुणांसह आणि खेळाडूंच्या नावांसह येत. ते बंद का केले? स्वतःचे नाव असलेले ते कात्रण मुले वर्षानुवर्षे पाकिटात ठेवत. मुलींच्या सामन्यांचे निकाल तर तेव्हाही क्वचितच येत, आता अजिबातच येत नाहीत. जागा नाही हे कारण कृपया देऊ नका, कालच्या त्याच पानावर एका क्रिकेटपटूच्या नव्या गाडीचा तीन कॉलमी फोटो होता. निकाल मिळवायला माणूस नसेल तर तसे कळवा. सामन्यांना मी जातोच. स्कोअरशीटची प्रत त्याच संध्याकाळी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक जुना वाचक, भायखळा, मुंबई