मणक्याचं ऑपरेशन नुसत्या फिल्मवर ठरवू नका

महोदय,

‘मणक्यात गॅप पडलाय, नस दबलीय, ऑपरेशन करून टाका’ हे हल्ली कोल्हापुरात घरोघरी ऐकू येतं. उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डिंगच्या पेट्या उचलणाऱ्या माझ्या थोरल्या भावालाही एका खासगी दवाखान्यात हेच ऐकवलं. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, दोन मणक्यांमधल्या काळ्या पडलेल्या चकतीवर पेन टेकवलं आणि ‘नाहीतर पाय जाईल’ म्हणाले. नस खरंच दबलीय का हे बघायला भावाला उताणं झोपवून पाय उचलून पाहिला नाही, की अंगठ्यात जोर किती आहे तेही तपासलं नाही. संताप येतो तो याचा.

चकती सरकलेली दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नसतं. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय अमेरिकेत काढले होते. १९९४ मध्ये तो अभ्यास छापून आला, आणि निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली!

ऑपरेशन वाईट, असं माझं म्हणणं नाही. लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडत चाललं, तर एक दिवसही न दवडता सीपीआर हे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय गाठावं. पायात उतरणारी कळ आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर ऑपरेशननं आराम लवकर पडतो. पण नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी लगेच ऑपरेशन केलेले आणि आधी थांबून पाहिलेले, दोघेही वर्षाअखेर सारखेच बरे होते. थांबलेल्यांतल्या साधारण ४० टक्के लोकांना पुढे ऑपरेशन लागलं. बाकीच्यांचं त्यावाचून भागलं. नुसती कंबरच दुखते, पायात कळ नाही, त्यांनी तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊच नये.

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामावर भर दिला; कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) सरसकट देऊ नका म्हणून सांगितलं. आपल्याकडे पहिल्याच दिवशी पट्टा हातात पडतो. व्यायाम नीट शिकवायला माणूस लागतो, आणि गगनबावड्याच्या बाईनं भांगलणीची रोजंदारी बुडवून त्यासाठी दर आठवड्याला कोल्हापूरला कसं यायचं? आरोग्य खात्यानं प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरलेल्या वारी, बाजारादिवशीच, फिजिओथेरपिस्ट बसवावा. आणि ऑपरेशन सुचवणाऱ्या डॉक्टरांनी थांबलं तर काय होईल, कामावर कधी जाता येईल, हे मराठीत कागदावर लिहून द्यावं.

– एक वाचक, कोल्हापूर